न उमटलेला गोवर



घरात मुलाला गोवर आला म्हणजे आपल्याकडच्या जुन्या बायका एक गोष्ट हमखास सांगत. गोवर अंगावर नीट उमटला पाहिजे; आत राहिला तर तो छातीत उतरतो. तो उमटावा म्हणून मुलाला पांघरुणात गुंडाळून ठेवीत, वाऱ्याला जाऊ देत नसत. आणि कानामागून निघालेले पुरळ तोंडावर, छातीवर आणि मग पायांपर्यंत उतरले की घरातल्यांचा जीव भांड्यात पडे. शिकलेल्या मंडळींनी ही समजूत हसण्यावारी नेली. एका अर्थी ते योग्यच होते, कारण पांघरुणाने पुरळ बाहेर येत नाही आणि वाऱ्याने ते आत जात नाही. तथापि १९५९ साली अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात असे सिद्ध झाले की, मुलाला गोवर झालेला असूनही अंगावर एक ठिपकासुद्धा न उमटता ते मूल न्यूमोनियाने दगावू शकते. म्हाताऱ्या बायकांचे निरीक्षण खरे होते. कार्यकारणभाव मात्र त्यांनी उलटा धरला होता. आज जो इतिहास सांगावयाचा आहे त्याचे मर्म या उलट्या धरलेल्या कार्यकारणभावात आहे.

आपण ज्याला रोगाची लक्षणे म्हणतो ती पुष्कळदा रोगाची नसतातच. ताप शरीर आणते, पू शरीर करते, गळू लाल होऊन ठणकते ते शरीराच्या प्रतिकारामुळे. शत्रू गावात शिरला हे आपल्याला शत्रूच्या आवाजावरून कळत नाही, गावकऱ्यांनी केलेल्या आरड्याओरड्यावरून कळते. हिपोक्रेटिसापासून आणि चरक-सुश्रुतांपासून वैद्य जे वाचीत आले ते मुख्यतः हे शरीराचे उत्तर होय. आता ज्या गावातले राखणदारच नाहीसे झाले आहेत तेथे चोर शिरला तर ओरडणार कोण? विसाव्या शतकाच्या मध्याला वैद्यकाने नेमकी अशी माणसे प्रथमच मोठ्या संख्येने निर्माण केली. रक्ताच्या कर्करोगावर औषधे निघाली, दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवण्याची शस्त्रक्रिया साधली, आणि या दोन्हींसाठी रोग्याची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबावी लागली. अशा माणसाच्या फुफ्फुसात विषाणू शिरला तर तो ओळखावा कसा, हा प्रश्न तेव्हापासून वैद्यांच्या पुढ्यात आहे.

गोवराचीच हकीकत आधी पुरी करू. १९१० साली व्हिक्टर हेक्ट नावाच्या विकृतिशास्त्रज्ञाने न्यूमोनियाने मेलेल्या मुलांच्या फुफ्फुसांत एक चमत्कारिक दृश्य नोंदवले. कितीएक पेशी एकमेकींत विरघळून त्यांच्या प्रचंड पेशी बनल्या होत्या, आणि एकेकीच्या पोटात अनेक केंद्रके दाटीवाटीने बसली होती. याला महापेशींचा न्यूमोनिया असे नाव पडले. पुढे १९३१ मध्ये अमेरिकेत वॉर्थिन आणि जर्मनीत फिंकेलडाय या दोघांनी अशाच महापेशी मुलांच्या काढून टाकलेल्या टॉन्सिलांत पाहिल्या, आणि गंमत अशी की त्या मुलांना शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत गोवर निघाला. १९४५ साली पिंकर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर हेक्टचा न्यूमोनिया, कुत्र्यांचा डिस्टेंपर आणि गोवर या तिन्हींत एकच विकृती दिसते असे लिहून ठेवले. म्हणजे संशयाची सुई गोवराकडे वळलेली होती. पण या महापेशी ज्यांच्या फुफ्फुसात सापडत त्यांतल्या कित्येक मुलांना गोवर आलेलाच नसे. पुरळ नाही, तर गोवर कसा म्हणावयाचा? पुराव्याचा दुवा सापडत नव्हता, कारण गोवराचा विषाणू अजून कोणाच्या बाटलीत आला नव्हता.

तो बाटलीत आणला जॉन एंडर्स यांनी. एंडर्स मूळचे इंग्रजी साहित्याचे विद्यार्थी. चाळिशी उलटल्यावर विषाणूंकडे वळलेले. पोलिओचा विषाणू मज्जातंतूंखेरीज अन्य पेशींवरही वाढतो हे त्यांनी वेलर आणि रॉबिन्स यांच्यासह १९४९ मध्ये दाखवले आणि त्याबद्दल तिघांना १९५४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच १९५४ च्या आरंभी बॉस्टनजवळच्या एका निवासी शाळेत गोवराची साथ आली. एंडर्स यांचे सहकारी थॉमस पीबल्स तेथे जाऊन मुलांच्या घशातले पाणी आणि रक्त घेऊन आले, आणि एका तेरा वर्षांच्या मुलाच्या रक्तातून विषाणू मानवी मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढला. वाढला तेव्हा त्याने काय केले? पेशी एकमेकींत विरघळल्या आणि त्यांच्या महापेशी बनल्या. हेक्ट यांनी ४४ वर्षांपूर्वी मेलेल्या मुलांच्या फुफ्फुसांत जे पाहिले होते तेच आता काचेच्या नळीत उमटले होते.

एंडर्स यांच्या प्रयोगशाळेने मग महापेशींच्या न्यूमोनियाने मेलेल्या तीन मुलांच्या फुफ्फुसांचे तुकडे घेतले. कोणाच्याही अंगावर गोवराचे पुरळ आढळले नव्हते. तिन्ही फुफ्फुसांतून गोवराचा विषाणू निघाला. १९५९ साली हे प्रसिद्ध झाले, आणि त्याच सुमारास प्रयोगशाळेतल्या डॉ. अ‍ॅना मायटस यांच्या कामातून दुसरी अर्धी गोष्ट पुढे आली. अशा मुलांत विषाणू दिवसेंदिवस टिकून राहतो, आणि त्याच्याविरुद्ध रक्तात जी प्रतिद्रव्ये तयार व्हावयाची ती होत नाहीत. म्हणजे डोळ्यांना दिसणारी खूण नाही, आणि रक्त तपासून सापडणारी खूणही नाही. वैद्याचे दोन्ही साक्षीदार गैरहजर! निदान झाले ते शवविच्छेदनाच्या टेबलावर.

पुरळ का उमटले नाही? याचे उत्तर मॅकफार्लेन बर्नेट या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने १९६८ मध्ये ‘लॅन्सेट’मधून फार सुंदर मांडले, आणि या सबंध विषयातला मला सर्वांत आवडणारा युक्तिवाद तो हाच. काही मुलांच्या रक्तात जन्मतःच प्रतिद्रव्ये बनत नाहीत. ब्रूटन यांनी १९५२ मध्ये असे पहिले मूल वर्णन केले होते. या मुलांना बॅक्टेरियांचे न्यूमोनिया वारंवार होतात, परंतु गोवर मात्र त्यांना चारचौघांसारखा होतो, पुरळ नेहमीसारखे उमटते आणि मूल बरे होते. याउलट ज्यांच्या लढाऊ पेशीच लंगड्या आहेत, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाची किंवा तत्सम मुले, त्यांना पुरळ उमटत नाही आणि तीच दगावतात. तेव्हा पुरळ म्हणजे विषाणूचा हल्ला नव्हे. कातडीत शिरलेल्या विषाणूला शरीराच्या पेशी झोडपून काढतात त्या मारामारीचे ते वळ आहेत. गोवर ‘आत राहिला’ म्हणून मूल मरत नाही; जे बळ पुरळ उमटवते तेच बळ मुलाला वाचवते, आणि ते बळच नसले म्हणजे पुरळही नाही आणि मूलही नाही.

१९६२ मध्ये मायटस आणि एंडर्स यांच्याच गटाला याचा कटू अनुभव आला. रक्ताचा कर्करोग असलेल्या मुलांना गोवरापासून वाचवावे म्हणून निर्बल केलेल्या विषाणूची लस दिली, आणि त्यांतल्या एका मुलाला त्या निर्बल विषाणूनेच महापेशींचा न्यूमोनिया होऊन मृत्यू आला. ही गोष्ट त्यांनी लपवली नाही, छापली.

आता बॉस्टनहून डेन्व्हरला जाऊ. कोलोराडोतल्या या शहरात थॉमस स्टार्झल यांनी १९६२ पासून मूत्रपिंडारोपणाचा धडाका लावला होता. अ‍ॅझाथायोप्रिन आणि प्रेडनिसोन या दोन औषधांनी रोग्याची प्रतिकारशक्ती दाबून धरावयाची, म्हणजे परके मूत्रपिंड शरीर फेकून देत नाही, अशी ती रीत. मूत्रपिंड टिकू लागले, पण काही रोग्यांना एक विचित्र दुखणे होऊ लागले. बारीक ताप, थोडा कोरडा खोकला, बेडका जवळजवळ नाहीच. छातीला नळी लावली तर आवाज जेमतेम. आणि रोगी मात्र श्वासासाठी तडफडतो आहे, ओठ निळे पडले आहेत. क्ष-किरणांच्या चित्रात दोन्ही फुफ्फुसांवर धुके पसरलेले. १९६४ साली डेन्व्हरच्या डॉक्टरांनी याला ‘प्रत्यारोपणाचा न्यूमोनिया’ असे नाव दिले. हे नाव मोठे बोलके आहे. कारण ठाऊक नसले म्हणजे प्रसंगाचेच नाव रोगाला द्यावयाचे! शरीर परक्या मूत्रपिंडावर जसे उठते तसेच ते स्वतःच्या फुफ्फुसावर उठले असेल, अशीही कल्पना तेव्हा लढवली गेली. त्याच वर्षी डेन्व्हरच्याच हिल, रोलंड्स आणि रिफकाइंड यांनी मृत रोग्यांची फुफ्फुसे तपासून दाखवले की हे संसर्ग आहेत. कोठे न्यूमोसिस्टिस नावाचा जीव होता, तर कोठे फुगून मोठ्या झालेल्या पेशी होत्या. त्या पेशींच्या केंद्रकात मधोमध एक गडद गोळा आणि भोवती पांढरे कडे. सूक्ष्मदर्शकातून घुबडाचा डोळा आपल्याकडे रोखून पाहतो आहे असे वाटावे.

हे घुबडाचे डोळे १९०४ पासून परिचित होते. मेलेल्या अर्भकांच्या अवयवांत ते सापडत, आणि प्रथम पाहणाऱ्यांना ते एखादे परोपजीवी जंतूच वाटले होते. १९५६-५७ मध्ये सेंट लुईसच्या मार्गारेट स्मिथ, बेथेस्डाचे वॉलेस रो आणि बॉस्टनचे थॉमस वेलर, एंडर्स यांचे तेच जुने सहकारी, या तिघांनी स्वतंत्रपणे त्यामागचा विषाणू वाढवला. पुढे त्याला सायटोमेगॅलोव्हायरस, म्हणजे पेशी फुगवणारा विषाणू, असे नाव मिळाले. हा कांजिण्यांच्या विषाणूचा भाऊबंद. बालपणी केव्हातरी तो अंगात शिरतो, बहुधा काहीच त्रास देत नाही, आणि मग जन्मभर घरातल्या भाडेकरूसारखा मुकाट्याने राहतो. भारतासारख्या देशात तर बहुतेक सर्व प्रौढ माणसांच्या अंगात तो आहे. या सभागृहात बसलेल्या आपल्यापैकी बहुतेकांच्याही. तेव्हा रक्तात त्याची प्रतिद्रव्ये सापडली याचा अर्थ एवढाच की कधीकाळी गाठ पडली होती. आजच्या न्यूमोनियाबद्दल ती साक्ष काही सांगत नाही.

या प्रश्नाची खरी कसोटी लागली सिअ‍ॅटल येथे. डॉनल थॉमस यांनी तेथे रक्ताच्या कर्करोगावर अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण सुरू केले. त्याबद्दल त्यांना १९९० चे नोबेल पारितोषिक मिळाले. यात रोग्याची स्वतःची मज्जा किरणांनी आणि औषधांनी जाळून टाकावी लागते, म्हणजे राखणदार अगदी मुळापासून नाहीसे होतात, आणि दात्याची मज्जा रुजून तयार होईपर्यंत काही महिने जातात. कर्करोग बरा झालेली माणसे या मधल्या काळात न्यूमोनियाने मरू लागली. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, घरी जाण्याचे बोलणे चालू असता, धाप लागावयाची आणि फुफ्फुसांवर धुके दिसावयाचे.

ते धुके अनेक कारणांनी येते: विषाणू, न्यूमोसिस्टिस, बुरशी, फुफ्फुसात झिरपलेले रक्त, किरणांनी झालेली इजा, किंवा दात्याच्या पेशींनी केलेला हल्ला. चित्र एकच आणि उपचार परस्परविरोधी! इजा असेल तर प्रतिकार दाबणारी औषधे वाढवावीत, विषाणू असेल तर कमी करावीत. चुकीच्या बाजूने पाऊल पडले तर रोगी हातचा गेला. निश्चित उत्तर मिळवण्याचा मार्ग एकच होता. छाती उघडावयाची आणि फुफ्फुसाचा तुकडा काढावयाचा. ज्याच्या रक्तात प्लेटलेट नावाला उरलेल्या नाहीत आणि जो बोलताना धापा टाकतो, त्याची छाती उघडावयाची! हा निर्णय घेणाऱ्या डॉक्टरांच्या आणि संमती देणाऱ्या आईबापांच्या मनाची अवस्था काय होत असेल, याची कल्पना श्रोत्यांनीच करावी. एवढे करून तुकडा मिळाला, त्यात घुबडाचे डोळे दिसले तर ठीक. न दिसले तर तो पेशींवर वाढत घालावयाचा. सायटोमेगॅलोव्हायरस हा मोठा आळशी विषाणू आहे. नळीत त्याची खूण उमटावयास आठवडे लागत. कित्येकदा अहवाल येई तेव्हा खाट रिकामी असे.

सुटका दोन-तीन दिशांनी आली, आणि कोणतीही दिशा या रोगासाठी म्हणून उघडलेली नव्हती. जपानमध्ये शिगेतो इकेदा यांनी १९६० नंतरच्या दशकात काचतंतूंची लवचीक दुर्बीण श्वासनलिकेत सोडण्याची युक्ती काढली. तिच्यातून थोडे सलाइन फुफ्फुसाच्या एका कोपऱ्यात सोडून परत ओढून घेतले की त्या पाण्याबरोबर आतल्या पेशी हातात येतात. बहुतेक वेळा छाती उघडण्याचे कारण उरत नाही. केंब्रिजला क्योलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये एकाच खुणेला चिकटणारी प्रतिद्रव्ये हवी तितकी बनवण्याची कृती शोधली. आणि १९८४ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये या गोष्टींची सांगड बसली. नमुना पेशींवर टाकून चक्राकार यंत्रात फिरवावयाचा, म्हणजे विषाणू पेशींत लवकर शिरतो. आणि पेशी फुगेपर्यंत वाट न पाहता, विषाणू आपले काम सुरू करतानाच जे पहिले प्रथिन बनवतो ते चमकणाऱ्या प्रतिद्रव्याने पकडावयाचे. आठवड्यांचे उत्तर एक-दोन दिवसांवर आले.

इतिहासाने इथे एक धडा शिकवला. गॅन्सिक्लोव्हिर नावाचे औषध निघाले होते. ते सिअ‍ॅटलच्या रोग्यांना दिले तेव्हा फुफ्फुसातला विषाणू ओसरला, पण रोगी बहुतेक सगळे गेलेच. १९८८ मध्ये त्याच्या जोडीला प्रतिद्रव्यांची इंजेक्शने दिल्यावर सिअ‍ॅटलला २५ पैकी १३ आणि न्यूयॉर्कला १० पैकी ७ रोगी वाचले. पूर्वी शंभरात पंधरा वाचणे कठीण होते, हे लक्षात घेता ही मोठीच मजल. तरीही निम्मे जातच होते. निदान अचूक होते, औषध योग्य होते. वेळ मात्र गेलेली होती.

तेव्हा कॅलिफोर्नियातल्या सिटी ऑफ होप या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी प्रश्नच फिरवला. रोगी आजारी पडण्याची वाट का पाहावयाची? मज्जारोपणानंतर ३५ व्या दिवशी, धाप नाही, ताप नाही, अशा १०४ जणांची फुफ्फुसे त्यांनी दुर्बिणीतून धुऊन पाहिली. ४० जणांत विषाणू सापडला. त्यांतल्या २० जणांना तेव्हापासूनच औषध दिले, २० जणांना दिले नाही. औषध मिळालेल्यांपैकी ५ जणांना न्यूमोनिया किंवा मृत्यू आला, न मिळालेल्यांपैकी १४ जणांना. हे १९९१ साली प्रसिद्ध झाले. लक्षणे बोलत नाहीत तर लक्षणांची वाटच पाहू नये, हा विचार वरवर साधा आहे. पण लक्षण, मग निदान, मग उपचार हा वैद्यकाचा पिढ्यानुपिढ्यांचा क्रम त्याने मोडला. त्या वीस जणांचे काय, असे कोणी विचारील. पण विषाणू सापडलेल्या सर्वांनाच पुढे न्यूमोनिया होतो की काय, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. आणि औषध मज्जेला मारक होते. आता दुर्बीण घालण्याचीही गरज उरलेली नाही. पीसीआर या पद्धतीने दर आठवड्याला रक्तातल्या विषाणूचे जनुकद्रव्य मोजतात आणि आकडा चढू लागला की औषध सुरू करतात.

पीसीआर हे नाव २०२० पासून आपल्या घराघरांत पोचले आहे, तेव्हा ते समजावून सांगण्यात वेळ घालवीत नाही. मात्र तिने एक उलटी अडचण निर्माण केली. पूर्वी विषाणू सापडत नसे. आता तो नको तेथेही सापडतो. भाडेकरू घरात आहे हे समजले, पण चोरी त्यानेच केली हे कशावरून? म्हणून फुफ्फुसाच्या पाण्यात सायटोमेगॅलोव्हायरस नुसता आहे यावर कोणी शहाणा डॉक्टर थांबत नाही. किती आहे, रक्तात चढतो आहे का, फुफ्फुसाचे चित्र जुळते का, हे पाहतो. दुसऱ्या बाजूने, २०१५ मध्ये सिअ‍ॅटलच्या संशोधकांनी ‘कारण अज्ञात’ असा शेरा मारून वर्षानुवर्षे गोठवून ठेवलेले ६९ रोग्यांच्या फुफ्फुसांचे पाणी नव्या पद्धतींनी तपासले. त्यांतल्या ३९ जणांत कोणता ना कोणता जंतू मिळाला. ‘अज्ञात’ हा शब्द पुष्कळदा रोगाचे वर्णन नसून आपल्या साधनांचे असतो.

शिवाय सगळे विषाणू आतलेच नसतात. १९९० च्या सुमारास सिअ‍ॅटलच्या मज्जारोपण केंद्रात रेस्पिरेटरी सिन्सिशियल नावाच्या विषाणूची साथ शिरली. धडधाकट मोठ्या माणसाला त्याने सर्दीपलीकडे काही होत नाही. तेथे ३१ रोग्यांना तो लागला, १८ जणांना न्यूमोनिया झाला आणि त्यांतले १४ दगावले. भेटीला आलेल्या पाहुण्याचे साधे शिंकणे! तेव्हापासून अशा वॉर्डांच्या दाराशी सर्दीची चौकशी होते, ती काही शिष्टाचार म्हणून नव्हे.

आपल्याकडे यशस्वी मज्जारोपण प्रथम झाले ते मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात, १९८३ साली, डॉ. सुरेश अडवाणी यांच्या हातून. आज मुंबई-पुण्यासह अनेक शहरांत ते होते, आणि रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणारी मुले तर जिल्ह्याजिल्ह्यांतून परळला येतात. २०२२ च्या अखेरीस त्याच मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांतून गोवराची साथ उसळली; लस न घेतलेली किंवा अर्धवट घेतलेली मुले त्यात गेली. उपचार चालू असलेल्या कर्करोगाच्या मुलाला गोवराची जिवंत लस देता येत नाही, १९६२ ची ती गोष्ट वैद्यक विसरलेले नाही. त्याच्या वाट्याला संरक्षण येते ते भावंडांनी, शेजाऱ्यांनी आणि वर्गमित्रांनी घेतलेल्या लशीतून. असे मूल धाप लागून आले, फुफ्फुसांवर धुके दिसले आणि अंग अगदी स्वच्छ असले, तर आजचा डॉक्टर घशातला आणि फुफ्फुसातला नमुना गोवराच्या जनुकद्रव्यासाठी पाठवतो. आणि तो पाठवण्याची बुद्धी व्हावी म्हणून आधी आईला विचारतो, गेल्या महिन्याभरात तुमच्या घरात, चाळीत, शेजारीपाजारी कोणाला गोवर निघाला होता का.